अर्धं राहिलेलं सांबर

ही गोष्ट कुणी रचलेली नाही.

जिच्यावर ती गुदरली, त्या बाईने आमच्याच घरात बसून, स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि दर वेळी तशीच... एक शब्द इकडचा तिकडे न करता.

साल एकोणीसशे छप्पन. गाव निघोजे, चाकणच्या अलीकडचं. तेव्हा तिथे कंपन्या नव्हत्या. जोंधळ्याची रानं होती, आणि दिवस मावळला की सगळा गाव चुलीच्या धुरात बुडून जायचा.

अशाच एका दिवेलागणीला हे सुरू झालं.

पुतळाबाईचा नवरा कोंडीराम जाऊन तेरावा नुकताच उरकला होता. पाहुणे पांगले होते. मूलबाळ नव्हतंच. घरात ती एकटी, आणि परड्यात रिकामा गोठा.

त्या गोठ्याबद्दल आधी सांगायला हवं.

कोंडीराम चाकणच्या लाकडाच्या वखारीत कामाला होता. तिथे इंजिनावर मोठी गोल करवत चालायची. तरुणपणी तो ठेकेदाराबरोबर भीमाशंकरच्या जंगलात लाकूडतोडीला जायचा. तिथली जनावरं त्याच्या डोळ्यांत बसली होती. शेकरू, भेकर, सांबर, बिबट्या. पुढे वखारीत दाते झिजलेली पाती भंगारात पडू लागली, तशी त्यातली एकेक तो मागून घरी आणायला लागला. विटकरीने गंज घासायचा, आणि त्या लोखंडावर तेलाच्या रंगात जंगल काढायचा.

कधी जाड कॅनव्हास मिळाला तर त्यावरही काढायचा. पण त्याचा जीव पात्यात.

"कापाड रंग पिऊन टाकतं," तो म्हणायचा. "लोखंड त्यो वर धरतं."

चाकणच्या चौकातल्या हॉटेलात त्याचा बिबट्या टांगलेला होता. नवीन गिऱ्हाईक त्या बिबट्याकडे पाठ करून बसायला कचरायचं.

गाय विकल्यावर कोंडीरामने गोठाच आपला केला. वखारीतून आला की उजेड असेपर्यंत तिथे बसायचा. पुतळाबाई गोठ्याच्या दारात जोंधळे निवडत बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. तो बोलायचा नाही. नुसता कुंचला डब्याच्या काठावर टेकवायचा.

टक्‌... टक्‌...

तेच त्याचं हुंकार देणं.

मग खोकला लागला. वर्षानुवर्षं छातीत गेलेला लाकडाचा भुसा असेल, नाहीतर आणखी काही. शेवटी शेवटी खोकल्याबरोबर रक्त यायचं. तरी तो गोठ्यात जाऊन बसायचा. पुतळाबाई ओढून आणायची.

तो गेला तेव्हा एक मोठं पातं तसंच तिवईवर उभं राहिलं. डोंगर झाला होता. गवत झालं होतं. पाणवठा झाला होता. पाण्यावर उतरलेलं सांबर मात्र अर्धंच. खांद्यापर्यंत जनावर...

आणि पुढे नुसतं लोखंड.

त्या दिवेलागणीला पुतळाबाई कंदिलाची काच पुसत होती. एकाएकी तिला वास आला.

जवसाच्या तेलाचा. कोंडीराम रंग त्यातच कालवायचा.

तिला वाटलं, डबा लवंडला असेल. मांजर शिरलं असेल. ती उठली. आणि उठता उठता ऐकू आलं...

टक्‌.

ती जागच्या जागी थांबली.

टक्‌... टक्‌...

आणि मग खोकला. दबका. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पदरात दाबावा तसा. तो खोकला तिने वर्षभर उशाशी ऐकला होता. तो दुसऱ्या कुणाचा असणं शक्यच नव्हतं.

ती धावत गोठ्यात गेली.

कोणी नव्हतं.

तिवई होती. पातं होतं. कुंचला डब्यावर आडवा ठेवलेला होता. तिने त्याला बोट लावलं...

ओला.

आणि पात्यावर, जिथे सकाळी कोरं लोखंड होतं, तिथे सांबराचा एक कान निघाला होता.

दुसरी एखादी बाई किंचाळत गाव गोळा करून आली असती. पुतळाबाई तिथेच खाली बसली आणि रडली. पण ते रडणं भीतीचं नव्हतं. तेराव्यापर्यंत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी वाहिलं.

तिने कुणाला सांगितलं नाही. शेजारच्या कुशाबाईलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन गोठ्याच्या दारात बसली. पाठ आत, तोंड अंगणाकडे. वास आला. कुंचला वाजला. तिने वळून बघितलं, तर सगळं थांबलं. पुन्हा तोंड फिरवलं, तर थोड्या वेळाने पुन्हा...

टक्‌.

तिला कळलं. बघायचं नाही. बसायचं.

मग ती बोलायला लागली. कुशाबाईच्या म्हशीला रेडकू झालं. विहिरीचं पाणी खाली गेलं. दीर बाळाजी, तोही वखारीतच कामाला, सायकलवर आला होता, 'वैनी, आमच्याकडं चाकणला रहायला चल' म्हणत होता.

"मी न्हाई म्हनलं," ती अंगणाकडे बघत सांगायची. "तुमाला सोडून कुटं जाऊ?"

टक्‌... टक्‌...

असे तिचे दिवस जाऊ लागले. कुशाबाईला वाटलं, पुतळाबाई सावरली. तोंडावर तेज आलं, जेवायला लागली. दिवसभर ती एका संध्याकाळची वाट बघायची.

इकडे सांबर पुरं होत चाललं होतं.

दुसरा कान झाला. मान झाली, पाण्याकडे वाकलेली. नाक पाण्याला टेकलं. एका सकाळी तिने पाहिलं, तर आता फक्त डोळा राहिला होता.

तिने डोळ्याच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

डोळा झाला की चित्र पुरं. आणि चित्र पुरं झालं की... मग त्यांनी कशासाठी यायचं?

ती बराच वेळ पात्यासमोर उभी राहिली. मग तिने टर्पेंटाइनची बाटली उघडली. फडकं भिजवलं. आणि सांबराची मान खांद्यापर्यंत पुसून काढली.

पुन्हा कोरं लोखंड.

त्या संध्याकाळी वास आला. पण कुंचला वाजेना. ती दारात पाठमोरी, श्वास धरून बसलेली. आत कोणीतरी नुसतं उभं होतं... बघत होतं.

पुष्कळ वेळाने...

टक्‌.

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली होती.

पुतळाबाईने पदर तोंडात कोंबला. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता यायचं नाही.

त्यानंतर तेच चालू झालं. चित्र डोळ्यापर्यंत आलं की ती पुसायची. तो पुन्हा काढायचा. ती पुन्हा पुसायची. अख्खा हिवाळा असा गेला.

पण खोकला वाढत होता.

आधी तो अधूनमधून यायचा. मग कुंचल्याच्या दोन आवाजांमध्ये खोकलाच जास्त. मग खोकल्यानंतरची ती धाप... छातीतून शिट्टी निघाल्यासारखी. शेवटच्या दिवसांत निघायची तशीच. कान वाकडे निघू लागले. मानेची रेघ थरथरलेली. ज्या माणसाचा हात रेघ ओढताना आयुष्यात हलला नव्हता, त्याचा हात हलत होता.

पुतळाबाईला हे दिसत होतं. तरी ती पुसत होती.

शिमग्याच्या आधी एकदा बाळाजी आला. ओट्यावर टेकला. तिने चहा दिला. तेवढ्यात दिवस मावळला... आणि गोठ्यातून खोकला आला.

बाळाजीच्या हातातली कपबशी खाली पडली.

"वैनी... आत कोन हाय?"

ती खाली वाकून फुटक्या कपाचे तुकडे गोळा करू लागली.

पुन्हा खोकला. लांब. गुदमरलेला. बाळाजी उठला आणि गोठ्याच्या दारापर्यंत गेला. आत शिरायचा त्याला धीर झाला नाही. लहानपणापासून ज्याच्या पाठीशी निजला, त्या भावाचा आवाज त्याला कळणार नाही असं कसं होईल?

"दादा?" त्याने हाक मारली.

सगळं थांबलं.

पुतळाबाईने मग त्याला सगळं सांगितलं. पुसण्याचंही. बाळाजी भिंतीला टेकून ऐकत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"वैनी, त्यो दमलाय गं," तो म्हणाला. "तुला ऐकू येत न्हाई का?"

"येतं."

"मग?"

"मग मी काय करू? ते गेल्यावर माजं कोन हाय?"

 बाळाजी पुरता अंधार पडायच्या आत सायकल घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फडकं घेऊन गोठ्यात गेली. पात्यावर पाणवठ्याच्या निळ्या रंगात लाल ठिपके पडले होते. तिला वाटलं, तांबडा रंग सांडला.

तिने टर्पेंटाइनने घासलं.

निघेना.

पुन्हा घासलं. निघेना.

मग तिने पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि फिरवलं...

लगेच निघालं.

तेलाचा रंग पाण्याने निघत नाही. पुतळाबाई ते पदराचं टोक हातात धरून दिवसभर गोठ्यात बसून राहिली. चूल पेटवली नाही. कुशाबाईने दोनदा हाक मारली, तिला ओ दिली नाही.

ऊन कललं. ती उठली. टर्पेंटाइनची बाटली उकिरड्यावर रिकामी केली. मग येऊन दारात नेहमीसारखी पाठमोरी बसली.

वास आला.

"अवं," ती म्हणाली, "आता म्या पुसायची न्हाई. करा पुरं. घाई करू नगा. सावकाश करा."



मग... टक्‌.

त्या दिवशी ती बोलली नाही. नुसतं ऐकलं. आवाज ओळखीचे होते, पण खोकला एकदाही आला नाही. उजेड तांबडा झाला, मग राखेसारखा झाला. कुंचला फडक्यात पुसल्याची खसखस आली. डब्याचं झाकण दाबून बसवल्याचा आवाज आला. काम संपलं की तो असंच करायचा.

आणि मग पावलं.

याआधी कधी पावलं वाजली नव्हती. गोठ्याच्या मातीवर, हळूहळू, दाराकडे येणारी. ती येत येत तिच्या अगदी पाठीशी आली...

आणि थांबली.

तिच्या मानेवरचे केस हलले. कोणीतरी अगदी जवळ, शांत श्वास घेत होतं. शिट्टी नव्हती. धाप नव्हती.

पुतळाबाई वळली नाही.

किती वेळ गेला, ते ती कधीच सांगू शकली नाही. समोर कुशाबाईच्या घरात दिवा लागला. मग पावलं तिच्या बाजूने निघून अंगणात गेली. अंगणात कोणी दिसलं नाही. पावलं तेवढी वाजली... कुंपणापर्यंत. तिथून पुढे रानात.

मग वाजली नाहीत.

तिने कंदील लावला आणि आत जाऊन बघितलं.

सांबर पुरं झालं होतं. पण सगळा हिवाळा ज्याची मान पाण्याकडे वाकलेली निघत होती, त्याने आता मान वर केली होती. तोंडातून पाणी ठिबकत होतं. आणि ते सरळ दाराकडे बघत होतं. ती बसायची त्या जागेकडे.

दुसऱ्या दिवशी ती दारात बसली. तिसऱ्या दिवशी बसली. पाडव्यापर्यंत बसली. वास आला नाही. काही वाजलं नाही. एका संध्याकाळी तिने स्वतःच कुंचला घेतला आणि डब्याच्या काठावर टेकवला. टक्‌. पण तो आवाज तसा आला नाही.

शेवटी बाळाजी बैलगाडी घेऊन आला आणि तिला चाकणला घेऊन गेला. गाडीत तिच्या बोचक्याबरोबर गोणपाटात गुंडाळलेलं ते पातंही आलं.

ती पुष्कळ वर्षं जगली. बाळाजीच्या नातवंडांना तिने अंगाखांद्यावर खेळवलं. घरात कोणी नवीन माणूस आलं, की त्याला ती पात्यासमोर उभं करायची आणि विचारायची, "बगा बरं. ह्ये रागानं बगतंय का मायेनं?"

लोक तिचं मन राखायला 'मायेनं' म्हणायचे.  बाळाजी मात्र त्या खोलीत बसायचाच नाही.

आम्ही बाळाजीच्या घरचे. ते पातं अजून घरात आहे. रंग जरासुद्धा उडालेला नाही. आम्ही ते विकत नाही आणि भिंतीवर लावतही नाही. त्या डोळ्याकडे फार वेळ बघितलं की प्रत्येकाला वेगळंच काहीतरी दिसतं, आणि जे दिसतं ते कोणी दुसऱ्याला सांगत नाही.

पुतळाबाईचं अखेरचं दुखणं चाललं होतं, तेव्हा बाळाजीची सून तिच्या उशाशी होती. दुपारची वेळ. म्हातारी डोळे मिटून पडली होती. सुनेला वाटलं झोपलीय. तेवढ्यात ती आपणहून बोलली.

"माज्या पाठीशी हुबं व्हतं ते. वाट बगत व्हतं. मी नुसती मान वळवली आसती तरी झालं आसतं."

"मग का न्हाई वळवली, आत्याबाई?"

 म्हातारीने सुनेचा हात घट्ट धरला. तिचा हात थंडगार होता, सून अजून सांगते.

"त्वांड कसं दिसंल ठावं नव्हतं गं," ती म्हणाली. "मला भ्या वाटलं. माज्याच मालकाचं."