उसनी चव

तापानं नवऱ्याच्या तोंडाची चव नेली, त्याला वर्ष होत आलं होतं. माणूस आचारी, त्यात खानावळ स्वतःची. तेव्हापासून तो बायकोच्या जिभेवर स्वयंपाक करत होता. पातेल्यातला चमचा आधी तिच्या तोंडाशी यायचा.

"मीठ?"

"चिमूटभर घाल."

गिऱ्हाइकांना पत्ताही लागला नाही. घरात मात्र त्याचं हसणं बंद झालं होतं.

म्हणून तिनंच हट्टानं त्याला या सराईत आणलं. पूर्वी वाटसरू इथं घोडे बदलायला थांबत. आता खाली भोजनगृह, वर मुक्कामाच्या खोल्या. जाड दगडी भिंती, बुटकी दारं, मेण घासून गुळगुळीत केलेली लाकडी जमीन. इथल्या जेवणाचं नाव लांबवर झालं होतं. दुपारचं ऊन पांढऱ्याशुभ्र टेबलावर पसरलं होतं.

पहिला पदार्थ आला. भल्यामोठ्या ताटलीच्या मधोमध भाजलेल्या अळंबीचा एवढासा तुकडा.

"भिंग आणायला हवं होतं," तो पुटपुटला. तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी त्यानं थट्टा केली होती.

त्यानं घास घेतला आणि चावायचाच थांबला.

"लोणी," तो हळूच म्हणाला. "अगं, लोणी लागतंय मला!"

तिचे डोळे भरून आले. तिनं आपला तुकडा तोंडात टाकला. बरा होता. जरा मिळमिळीत, एवढंच.

मग सूप आलं. कांदा, मिरी, जायफळ... तो एकेक जिन्नस ओळखत सुटला. तिला ते नुसतं गरम लागलं. माशावर तिनं अख्खं लिंबू पिळलं, मग ती फोडच चोखून पाहिली. ओला कापूस चोखावा तसं वाटलं. सांगावं असं तिच्या मनात आलं. पण तो ताटली पुसून पुसून खात होता. कुठल्या तोंडानं सांगणार?

म्हातारा वेटर अदबीनं वाकला. "बाईंना काही कमी पडतंय का?"

"नाही."

"सुरुवातीला वाटतं तसं," तो म्हणाला आणि रिकाम्या ताटल्या घेऊन गेला.

तिनं आजूबाजूला पाहिलं. सगळी टेबलं दोघादोघांची. प्रत्येक टेबलाशी एक जण रंगात येऊन बोलत होता. समोरचा मात्र मांडीवर हात ठेवून गप्प बसला होता.

शेवटी वाटीतून दुधाचं काहीतरी मऊसर आलं. त्यानं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.

"आजारपणात आई भरवायची ना, अगदी तसं. खिडकीत बसवून. ती पिवळी वाटी, टवका उडालेली..."

तिच्या अंगावर काटा आला. त्याची आई त्याला जन्म देतानाच गेली होती. पिवळी वाटी तर बायकोच्या स्वतःच्या माहेरची. त्याच्याजवळ ती त्याबद्दल कधी बोललीच नव्हती.

तिनं आठवून पाहिलं. खिडकी आठवली. वाटी आठवली. वाटी धरणारा हात आठवेना.

"ऊठ," तिनं त्याचं मनगट धरलं. "खोली नको, काही नको. घरी चल."

"वेडी का तू? अजून फळं यायचीत."

"ठेव तो चमचा!"

त्यानं घास गिळला होता.

खिडकी गेली.

वाटी गेली.

"खा की गं, ठकू," तो मायेनं म्हणाला.

आईखेरीज तिला त्या नावानं कुणी कधी हाक मारली नव्हती.

तो कुणाशी बोलतोय ते पाहायला तिनं मागं वळून बघितलं.