आत्याची बादली

"आत्या उठत नाहीये," असं म्हणत ती मुलगी न्याहारीच्या तंबूत शिरली, तेव्हा इन्स्पेक्टरबाईंच्या पुढ्यातला पाव तसाच पडला होता. खायची इच्छा त्यांच्या नवऱ्याने आधीच घालवली होती.

नवरा गेला पाऊण तास खत-खड्ड्याचं कौतुक सांगत होता. छोट्या घरांच्या हौशी लोकांचा हा मेळावा. चाकांवरची, कपाटाएवढी घरं माळावर ओळीने उभी. प्रत्येक घरात कोरडा संडास, म्हणजे बैठक आणि तिच्याखाली झाकणाची हिरवी बादली. जाऊन आलं की वरून मगभर लाकडाचा भुसा टाकायचा आणि सकाळी ज्याची बादली त्याने खड्ड्यावर नेऊन ओतायची. नवऱ्याने बायकोची न्यायची नाही, आईने मुलाची न्यायची नाही. "आपलं आपण" हे मेळाव्याचं ब्रीद होतं आणि ते दर दुसऱ्या दारावर रंगवलेलं होतं.

"उजाडताना मी खड्ड्यावर पोचतो तर तिथे कोण? खुद्द काका," नवरा भारावून सांगत होता. "हातात बादली. एवढा मोठा माणूस, पण आपली घाण आपण उचलतो."

"अहो, खाताना नको," बाई म्हणाल्या.

निवृत्तीनंतर तीन खोल्यांचं घर विकून असल्या खोक्यात राहायचं, असं नवऱ्याच्या डोक्यात बसलं होतं. ते खूळ उतरवायलाच बाईंनी रजा टाकली होती. दोन दिवसांत त्यांना त्या माळाची, त्या गोड हसणाऱ्या माणसांची आणि त्या बादल्यांची अगदी शिसारी आली होती. पण मुलीचा चेहरा पाहिला आणि त्या उठल्या.

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. काका म्हणजे या सगळ्या चळवळीचे कर्तेधर्ते. आणि दारात उभी होती ती काकांची एकुलती एक मुलगी, आत्याची भाची.

आत्या भिंतीलगतच्या फळीवर कुशीवर निजली होती. अंग गार पडलं होतं. स्वेटरच्या बाहीवर उलटीचा वाळलेला डाग होता. बाईंनी जमीन पाहिली, मोरी पाहिली. कुठेही शिंतोडा नव्हता. पडद्यामागची बादली उघडली. रिकामी, आणि तळाला स्वच्छ, पांढुरक्या भुशाचा थर. बादलीशेजारी राखेचं पोतं आणि त्यात खोचलेला पत्र्याचा मग. पोत्याच्या कडेची राख बाईंच्या बोटांना लागली. त्यांनी ती रुमालाला पुसली आणि रुमाल दुसऱ्या खिशात ठेवला.

भिंतीवर खुंट्यांची रांग होती. या घरांत प्रत्येक वस्तूला तिची खुंटी. गाळणं, कात्री, छत्री, टॉर्च. दाराजवळची एक खुंटी रिकामी होती.

बाईंना आदला दिवस आठवला. सगळ्यांची घरं बघत फिरताना फक्त आत्याने त्यांना बसायला सांगितलं होतं.

"नाकाला रुमाल लावून हिंडताय सकाळपासून," आत्या हसली होती. "लावा, लावा. मलाही आवडत नाही हे. भावाच्या हट्टापायी आले. आता मात्र उद्या समारोपाला मंचावर जाऊन एक गोष्ट दाखवणार आहे सगळ्यांना. मग जाईन आपल्या घरी."

त्यानंतर बाई काकांच्या घरात गेल्या होत्या. सगळ्यांत देखणं घर तेच. आत नव्या लाकडाचा वास दरवळत होता. काकांनी स्वतः हिंडवून दाखवलं आणि संडासाच्या दारापाशी उभं राहून भुशाचे गुण सांगितले होते.

गावातून डॉक्टर आले. त्यांनी औषधांचा डबा पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"हृदयाच्या गोळ्या. पाकीट परवाच घेतलेलं दिसतंय, आणि निम्मं रिकामं. एवढ्या पोटात गेल्या तर उलट्या होणार आणि मग हृदय बंद. मी दाखल्यावर सही करणार नाही. औषध कोण द्यायचं यांना?"

"मी," भाची म्हणाली.

दाराबाहेर गर्दी जमली होती. काका पुढे आले. पांढरे केस, जाडाभरडा सदरा, डोळे भरलेले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोर दमलेली होती. गोळ्या मोजताना चुकली असेल. माझी सख्खी बहीण गेली, पण मी हिला माफ केलंय. तुम्हीही करा."

गर्दीतल्या बायकांनी डोळे पुसले. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. माफी ऐकून एवढी किळस बाईंना कधी आली नव्हती. गोष्ट अशीच ठाण्यात गेली असती तर या मुलीच्या गळ्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा पडला असता, आणि दोर बापानेच पोलिसांच्या हातात दिला असता.

बाईंनी ठाण्याला फोन केला. तिथल्या साहेबांनी दोन हवालदार पाठवले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिथेच आहात तर सुरुवात करा." रजा संपली.

भाचीला त्यांनी तिच्याच घरात समोर बसवलं. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते.

"काल आत्याला काय दिलंस?"

"संध्याकाळी सूप. आणि रात्रीची एक गोळी."

"एकच?"

"एकच. मी कधी चुकत नाही."

"ती राख कसली?"

"आत्याला दमा आहे. भुसा उडाला की जीव घाबरा व्हायचा. म्हणून शेकोटीतली राख चाळून मीच आणून देते. बादलीत तीच टाकते ती."

"बादली तू न्यायचीस?"

"छे. ती नेऊच द्यायची नाही. हळूहळू चालत स्वतः न्यायची."

"दाराजवळच्या खुंटीवर काय असायचं?"

मुलीने मान फिरवली.

"सूप दिल्यावर तिच्याकडे कोण आलं होतं?"

"कोणी नाही." ती मोरीच्या नळाकडे बघत होती.

"बघ बाई, तुझ्यावर येतंय हे. बापाने भर चौकात तुझ्यावर घातलंय."

"बाबा माफ करतायत मला," ती कशीबशी म्हणाली. मग उठून तिने दार उघडून धरलं.

काका मात्र भरभरून बोलले.

"काल बहिणीला भेटलात?"

"नाही हो. समारोपाच्या तयारीत होतो. संध्याकाळभर मंडपात, मग आपल्या घरी झोपलो."

"पहाटे?"

"उठलो, बादली ओतली, ध्यानाला बसलो. माझा नेम आहे तो."

"मुलीवर रागावलात?"

"वस्तू सोडल्या की राग सुटतो, बाई. तुम्ही प्रयत्न करून बघा."

बाईंना वाटलं, या माणसाला आधी साबणाने धुवावं आणि मगच बोलावं. त्या उठल्या आणि वाटेत काकांच्याच घरात शिरल्या. संडासाचं दार उघडलं, बैठक उचलली, आत पाहिलं. मग हवालदाराला हाक मारून त्यालाही पाहायला लावलं. दुसऱ्या हवालदाराला त्यांनी हमरस्त्यापलीकडे असलेल्या एकमेव लॉजवर पिटाळलं.

"आणि मला एक फावडं आणि रबरी हातमोजे हवेत," त्या म्हणाल्या.

"कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"तुमचं लाडकं ठिकाण उकरायला."

पुढच्या तासाबद्दल न लिहिलेलंच बरं. खड्डा रुंद होता, उन्हाने तापला होता आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या. नवरा नाक धरून कडेला उभा राहिला आणि आपण पहाटे काकांना कोणत्या कोपऱ्यात पाहिलं ते बोटाने दाखवत राहिला. तिथे सगळीकडे भुसा होता आणि एका जागी करडी ढेप. बाई दोनदा बाजूला जाऊन ओकल्या आणि दोनदा परत आल्या. ढेपेतून जे निघालं ते त्यांनी डॉक्टरांच्या बरणीत भरलं. एक लहान वस्तू मात्र पाण्याच्या टाकीवर नेऊन धुतली.

दुपारी समारोपाच्या मंडपात सगळे जमले. काका मंचावर होते, भाची पहिल्या रांगेत एकटी. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या लोकांनी रिकाम्या सोडल्या होत्या. बाईंचे केस ओले होते, अंगावर नवऱ्याचा शर्ट होता.

"आत्याला रात्री उलटी झाली," त्यांनी सुरुवात केली. "बाहीवर डाग आहे, पण घरात कुठे थेंब नाही. म्हणजे उलटी बादलीत झाली. सकाळी ती बादली रिकामी होती. आत्याने पहाटे ती ओतली असं धरायचं तर तळाला राख हवी. तळाला भुसा होता, ज्याने तिचा श्वास कोंडायचा. म्हणजे बादली दुसऱ्या कोणी ओतली. भाची? रोज राख चाळून देणारी मुलगी शेजारी राखेचं पोतं असताना बाहेरून भुसा आणणार नाही. हे काम अशा माणसाचं, ज्याने बहिणीच्या संडासाचा पडदा कधी सरकवला नव्हता, आणि ज्याला भाषणातला भुसाच तेवढा माहीत होता."

मंडपात कुजबुज झाली.

"माझ्या नवऱ्याने काकांना पहाटे खड्ड्यावर पाहिलं. सगळ्या बादल्या सारख्याच, त्यामुळे ती त्यांची असं त्याला वाटलं. काकाही तेच म्हणतात."

"अर्थात," काका शांतपणे म्हणाले. "रोज ओततो, रोज धुतो."

"प्लास्टिकचं वेष्टन न काढता?"

हवालदाराने मंचावर एक हिरवी बादली ठेवली. दुकानातून आणलेली, वेष्टन जसंच्या तसं, कडीवर किमतीची चिठ्ठी.

"ही काकांच्या बैठकीखालची. मेळाव्यातल्या प्रत्येक घराला थोडासा तरी वास आहे, ह्यांच्या घराला नाही. कारण हे तिथे राहतच नाहीत. रस्त्यापलीकडच्या लॉजवर यांची खोली आहे, मेळावा सुरू झाल्यापासून. गरम पाणी, मोठा पलंग आणि साखळी ओढायचा संडास. मग जी बादली यांनी ओतली ती कोणाची?"

काकांचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"जाताना यांनी दाराजवळच्या खुंटीवरची ही वस्तूही बादलीत टाकली." बाईंनी रुमालातून एक चावी काढली. तिला पितळी बिल्ला होता. "या माळावर कोणी हात घालणार नाही अशी एकच जागा. बिल्ल्यावर गोदामाचं नाव आणि क्रमांक आहे. ठाण्याच्या साहेबांनी मघाशी कुलूप फोडून ते उघडलं. आत शिसवी कपाटं, गालिचे, झुंबरं, चार फ्रिज आणि छतापर्यंत खोकी आहेत, सगळी काकांच्या नावावर. तुम्ही यांचं ऐकून आईची भांडी देऊन टाकलीत, आणि यांनी मात्र आयुष्यात एक चमचासुद्धा सोडला नाही. आत्या आज इथे उभी राहून तिच्या हाती लागलेली यांची हीच चावी दाखवणार होती. काल संध्याकाळी हे तिची मनधरणी करायला गेले. ती ऐकेना, तेव्हा तिच्याच गोळ्या तिच्या सुपात विरघळवल्या. पहाटे चावी न्यायला आले तर बादलीत पुरावा. मग उचलली बादली."

मंडपात मागे कोणीतरी ओकारी काढली.

"मी संध्याकाळी तिकडे फिरकलोच नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज आता चिरका झाला होता. ते पहिल्या रांगेकडे वळले. "बाळा, तू तरी सांग यांना. सूप घेऊन गेलीस तेव्हा मी नव्हतो ना तिथे? तू तर बाईंना सांगितलंस म्हणे, कोणी आलं नव्हतं."

भाची उठली. आज सकाळपासून ती बापासाठी गप्प होती, आणि त्या गप्प बसण्याची शिक्षा स्वतःच भोगायला निघाली होती.

"तुम्ही तिथे होतात," ती म्हणाली. "आत्यानेच मला बाहेर पाठवलं. म्हणाली, मला भावाशी बोलायचंय. मी हे कोणाला सांगणार नव्हते, बाबा. मरेपर्यंत नसतं सांगितलं. पण तुम्ही मला माफ केलंत, सगळ्यांसमोर. आणि मला खरंच वाटायला लागलं की माझ्याच हातून काहीतरी झालं."

"अगं, मी तुझा बाप आहे. मला यातून सोडव."

तिने मंचावरच्या त्या कोऱ्या बादलीकडे पाहिलं.

"आपलं आपण, बाबा," ती म्हणाली, आणि बाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. बाईंच्या अंगाला अजून खड्ड्याचा वास येत होता, पण ती बाजूला सरकली नाही.