ग्राहीरोपणानंतर

माणसाच्या डोक्यातलं भय किती ताजं आहे, हे त्या काळी नाशिकच्या मेंदू-केंद्रात रक्तदाबाइतकं सहज मोजत. हणमंत उभेचा आलेख पाहून डॉ. शिरीन अत्तार म्हणाल्या, "घटना अठरा वर्षांपूर्वीची, पण मेंदूच्या लेखी ती कालच घडलीय."

हणमंत आणि त्याची बायको रेवती कड्यात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या पथकात होते. उंबरकड्यावर रेवती दोरावरून सुटून दरीत कोसळली, तेव्हा वर दोर धरून तोच उभा होता. त्यानंतर तो कड्यावर गेला नाही. गांजा मात्र रोज ओढू लागला. गेल्या वर्षी केतकीनं, त्याच्या मुलीनं, हट्टाला पेटून तो सोडवला. तरी डोळा लागला की दोराचा तो हिसका तळहातांना बसायचाच.

"गांजा सुटला, मग हे का सुटत नाही?" त्यानं विचारलं.

"तुमचा मेंदू गांजासारखं एक द्रव्य स्वतःच बनवतो. थेंबाथेंबानं."

"म्हणजे सगळ्यांच्याच डोक्यात गांजा?"

डॉक्टर हसल्या. "द्रव्य मूळचं, गांजा त्याची नक्कल. ते झेलणारे रेणू पेशींवर असतात, त्यांना ग्राही म्हणतात. थेंब झेलला की पेशीचा आरडाओरडा कमी होतो, भीतीची आठवण बोथट होत जाते. तुम्ही तिथं वर्षानुवर्षं पूर आणलात, हणमंतराव. मेंदूनं कंटाळून ग्राही आत ओढून घेतले. बहुतेकांचे काही आठवड्यांत परततात. तुमचे भयकेंद्रातले परतले नाहीत. थेंब पडतायत, झेलायला कुणी नाही."

यावर उपाय होता ग्राहीरोपण: त्या पेशींना पुन्हा ग्राही उगवायला लावणारी चार इंजेक्शनं, महिन्याला एक.

"रेवतीला विसरेन का मी?"

"मुळीच नाही. फक्त ती आठवण तुम्हाला चावणार नाही."

हणमंतनं सही केली.

तिसऱ्या इंजेक्शननंतर त्याला गाढ झोप लागू लागली. चौथ्यानंतर, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, तो पथकात परतला. मार्गशीर्षात दोन कॉलेजच्या मुली उंबरकड्यावर अडकल्या. पथकातले सगळे त्याच्याकडे पाहू लागले. त्यानं स्वतःच दोर कमरेला बांधला, रेवती सुटली होती त्याच कपारीवरून खाली उतरला आणि दोघींना सुखरूप वर आणलं.

पायथ्याशी केतकी थांबली होती. तिनं त्याला घट्ट मिठी मारली. मग हळूच विचारलं, "बाबा, तिथं आई आठवली?"

"आठवली ना. कड्यात ठोकलेल्या कुठल्या खिळ्यापाशी सुटली, काय ओरडली, सगळं." रस्ता सांगावा तसं त्यानं सांगितलं.

केतकीला हुंदका फुटला. दरवर्षी आईच्या तिथीला ती अशीच रडायची, आणि तिच्याआधी तो. हणमंतनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आपल्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहिली. मन निवांत होतं. अठरा वर्षं बापलेक एकाच दुःखात राहत होते. आता केतकी तिथं एकटी उरली होती.