पुढच्या खेपेला

"सरका ना जरा... एवढी सावली एकटीलाच कशाला हवी?"

नोएमीने मान वर केली. ऑगस्टच्या उन्हात इटलीतलं सगळं पादोव्हा शहर भाजून निघत होतं, आणि जुन्या भित्तिचित्रांच्या स्क्रोवेन्यी चॅपलच्या रांगेपाशी सावली धरणारं झाड होतं एकच. समोरच्या तरुणाचे केस ओले होते, गळ्यात शिट्टी.

"आधी येणाऱ्याची सावली," ती म्हणाली, पण सरकली.

त्याचं नाव याकोपो. तो मुलांना पोहायला शिकवायचा.

"चित्रांची आवड दिसतेय तुम्हाला," नोएमी म्हणाली.

"छे! घरातला एसी बंद पडलाय. कुणीतरी म्हणालं, आत सोडण्याआधी गार खोलीत बसवतात... भिंतींना आपली वाफ लागू नये म्हणून. म्हटलं, तेवढाच गारवा! आणि 'तुम्ही' नको हं, एकदम म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

नोएमीला खरं तर राग यायला हवा होता. ती या गावात शिकली, पण आज जाऊ उद्या जाऊ करत चॅपल पाहायचं राहूनच गेलं होतं. चित्रं पाहून दुपारच्या गाडीने ती ब्रुनिकोला निघणार होती. तिथे डोंगरातल्या एका केकच्या दुकानात तिला नोकरी लागली होती. आणि हा म्हणे, गारवा! पण तिला हसूच फुटलं.

इतक्यात दाराशी गलका झाला. माणसं खेपेखेपेने आत सोडत, आणि एका आजी-आजोबांची तिकिटं जावयाने चुकून वेगवेगळ्या खेपांची काढली होती. आजोबांचं आत्ताच्या खेपेचं, आजींचं पुढच्या.

"हिला सोडून मी एक पाऊल टाकणार नाही!" आजोबा अडून बसले. आजींचा चेहरा उन्हाने लालबुंद झाला होता.

"आजोबा, माझं तिकीट घ्या," याकोपो पुढे झाला. "माझं पुढच्या खेपेचंच आहे. तुम्ही दोघं नंतर जा, मी आत्ता जातो."

"आणि तोवर आजी या उन्हात उभ्या राहतील?" नोएमी म्हणाली. तिचं तिकीट आत्ताचं होतं. तिने ते आजींच्या हातात ठेवलं आणि त्यांचं आपण घेतलं.

रखवालदाराने खांदे उडवले. "डोकी तेवढीच भरली की झालं."

"देव तुझं भलं करो, पोरी," म्हणत आजी आत गेल्या.

याकोपो गालात हसत होता. "काही का होईना... आपण दोघं एकाच खेपेत!"

"म्हणून देत होतास होय तिकीट?"

"थोडंसं... आजोबांसाठीही होतं."

दुपारची गाडी आता चुकणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती रांगेतच थांबली.

गार खोलीत त्याची बडबड अखंड चालू होती. मग दार उघडलं, डोक्यावर निळंशार छत आणि सोनेरी चांदण्या आल्या, आणि स्वारी गप्प झाली. भिंतीवरच्या एका चित्रात वयस्कर नवरा-बायको वेशीपाशी भेटत होते. बायकोचा हात नवऱ्याच्या गालावर होता. याकोपो त्या चित्रासमोरून हलेना. नोएमी चित्राकडे कमी, त्याच्याकडेच जास्त पाहत होती.

"काय झालं?" तिने हळूच विचारलं.

"काही नाही... कुणी माझी अशी वाट पाहिली नाही कधी."

बाहेर आल्यावर तिने ब्रुनिकोच्या नोकरीचं आणि चुकलेल्या गाडीचं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"चुकली? मग आता?"

"संध्याकाळी दुसरी आहे."

संध्याकाळी त्याने स्टेशनवर ठेवलेली तिची बॅग गाडीत चढवली आणि उतरण्याऐवजी शेजारीच बसला. "वेरोनापर्यंतच येतो. उद्या तलाव बंदच आहे."

वेरोनाला गाडी बदलायची होती. फलाटावर दोघं उभे राहिले. तिची दुसरी गाडी लागली.

"नोएमी..." तो अडखळला, "जा म्हणवत नाही, आणि थांब म्हणायचा मला काय अधिकार? पण तू मला आवडलीस. फार."

ती पायरीवर चढली. वळून त्याच्या शर्टाची बाही धरली आणि त्याला आपल्याकडे ओढलं.

"मग पुढे त्रेंतोपर्यंत चल."

"आणि त्रेंतोला?"

"ते त्रेंतोला ठरवू," ती म्हणाली, आणि दार बंद होण्याआधी तो आत होता.