अर्डिथ बोलिंजर यांची सुनावणी

ही घटना खरी आहे.

असे सगळेच म्हणतात, हे मला ठाऊक आहे. नेवाडा राज्याच्या नोकरीत माझे कामच मुळी असे म्हणणाऱ्यांचे ऐकून घेण्याचे होते. जुगाराच्या यंत्राने लाखो डॉलर लागल्याचे दाखवले, घंटा वाजल्या, आणि कॅसिनो म्हणाला की यंत्र बिघडले होते, पैसे मिळणार नाहीत... असा तंटा उभा राहिला की राज्यातर्फे मी जात असे. दोन्ही बाजू ऐकायच्या, यंत्र उघडायचे, निर्णय द्यायचा. विश्वास ठेवणे माझ्या कामात बसत नव्हते.

म्हणून मी जे पाहिले, तेवढेच सांगतो. आणि जे पाहिले नाही, तेही पाहिले नाही म्हणूनच सांगतो. या हकिगतीत दुसऱ्या प्रकारचेच अधिक आहे.

रात्र नव्हती. फेब्रुवारीतली दुपार होती.

ठिकाण बेल्डन फ्लॅट, हमरस्त्यालगतचे छोटे गाव. कॅसिनोचे नाव कॉपर लँटर्न. हिमवादळाने रस्ता अडवून ठेवला होता. तो खुला झाला तशी माझी गाडी पहिल्या काही गाड्यांत होती. आत शिरलो तेव्हा बुटांना बर्फ होता. व्यवस्थापक रॉनी पॅजेट दारातच उभा होता. नेहमी तो हस्तांदोलनाला पुढे येत असे.

त्या दिवशी आला नाही.

"मिसेस बोलिंजर कुठे आहेत?" मी विचारले.

"गेली."

"घरी?"

"नाही हो. गेली म्हणजे... गेली. काल. त्याच खुर्चीत."

अर्डिथ बोलिंजर या निवृत्त बाई. गावच्या शाळेची बस चालवण्यात त्यांची उमर गेली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. रोज सकाळी त्या कॉपर लँटर्नमध्ये येत, एका ठरावीक यंत्रापुढे बसत आणि अगदी थोड्या पैशांवर दिवस काढत. पॅजेटच्या शब्दांत सांगायचे तर, "खेळायची कमी आणि आमची कॉफी प्यायची जास्त."

त्या यंत्राने दोन दिवसांपूर्वी चाळीस लाख डॉलर दाखवले होते. सर्वांत मोठे बक्षीस दहा हजार, असे त्याच यंत्राच्या काचेवर छापलेले होते. बिघाड उघड होता. पॅजेटने त्यांना समजूत म्हणून दोघांच्या जेवणाचे कूपन देऊ केले.

"दोघांच्या?" मी म्हणालो.

"कूपन तसंच छापून येतं. मी काय करू?"

"त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाली, दुसरा तू येतोस का, रॉनी?" पॅजेटने मान खाली घातली. "टोमणा होता तो. तिला टोमणे छान जमायचे."

या धंद्यातल्या खेळणाऱ्यांची एक पक्की समजूत आहे. तंटा झाला की यंत्रापुढून उठायचे नाही. उठलात तर दावा गेला. नियमांत असे एकही कलम नाही. मी नियम पाठ असलेला माणूस आहे, म्हणून ठामपणे सांगतो. फोनवर मी पॅजेटला हेच बजावले होते, की यंत्राला सील लावा, बाईंना घरी पाठवा, त्यांचा हक्क शाबूत आहे. त्याने ते त्यांना सांगितलेही. या बाबतीत माझा त्याच्यावर विश्वास आहे.

पण त्या म्हणाल्या, "तुझ्या तोंडचं ऐकून उठू? राज्याचा माणूस येऊन सांगेल, तेव्हा उठेन."

राज्याचा माणूस बर्फाच्या पलीकडे अडकला होता.

त्या रात्रभर बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. पायात रक्ताची गाठ झाली, ती वर फुप्फुसात चढली, असे डॉक्टरांचे मत पडले.

गिऱ्हाइकांना कॉफी आणून देणारी नोएमी नावाची मुलगी मला बाजूला घेऊन गेली. हातातला ट्रे तिने छातीशी धरला होता.

"साहेब, मिस अर्डिथला पैशाचं एवढं नव्हतं. मला म्हणाली, नाही दिले तरी चालेल गं. पण माझं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतलं पाहिजे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता. घरी कोण ऐकतंय?"

"तुम्ही ऐकलंत?"

"मला वीस टेबलं असतात, साहेब. कप ठेवायचा आणि पळायचं. काल मी तिचा कप सारखा बदलत होते. रिकामा कप उचलायचा, भरलेला ठेवायचा. मग झाडूवाल्याने तिच्या खांद्याला हात लावला... डॉक्टर म्हणाले, ती सकाळीच गेली होती."

"मग?"

"भरून ठेवलेला कप दुपारीही रिकामा होत होता."

शेजारच्या कुणी कॉफी पिऊन टाकली असेल, असे मी म्हणालो. हा साधा तर्क होता.

"तिच्या शेजारी कुणी बसतच नव्हतं."

"का?"

"ज्याला विचारावं तो म्हणायचा, बाई कुणाशी तरी बोलत बसल्यात, उगीच मध्ये कशाला जायचं..."

मी हे टिपून घेतले नाही. ऐकीव पुरावा मी टिपत नसे.

यंत्र मधल्या रांगेत होते. सील शाबूत. समोर खुर्ची, जराशी मागे सरकवलेली. दोन्ही बाजूंच्या रांगांत माणसे खेळत होती, घंट्या आणि चिमुकली गाणी वाजत होती. पण मी जसजसा जवळ गेलो, तसतसा तो गलका मागे राहिला. दूरवरच्या जत्रेचा आवाज येतो, तसा.

कॅसिनोचा तंत्रज्ञ डेल्मर याने माझ्यासमोर यंत्राचे दार उघडले. आतल्या नोंदी तपासल्या. निकाल स्वच्छ होता. त्या डावात बाईंना खरोखर लागले होते ते काही सेंट. बाकीचे सगळे पडद्याच्या जोडणीतल्या बिघाडाचे. ती रक्कम देय नव्हती. त्या जिवंत असत्या, तरीही मी हेच म्हणालो असतो.

"झालं तर मग," पॅजेट म्हणाला. "मिटलं."

"मिटलेलं नाही. निर्णय दावेदाराला यंत्रासमोर सांगायचा असतो. मग त्याला विचारायचं असतं, मान्य आहे की नाही."

"मेलेल्या माणसाचा कसला आलाय दावा?"

"दावा मरत नाही, मिस्टर पॅजेट. वारस निघू शकतो. वारस नसेल, तर तसं सिद्ध व्हावं लागतं. तोवर दावा उभा आहे, आणि पद्धत पद्धत आहे."

"तुम्ही आता खुर्चीला वाचून दाखवणार?"

"मी मोठ्याने वाचणार. ऐकायला कोण आहे हा वेगळा मुद्दा."

"पेन देऊ का तिला, सहीला?"

डेल्मर हसला नाही. त्याने यंत्राची वीज तोडली. तार भिंतीतून काढून स्वतःच्या हातात धरली. पडदा काळा झाला.

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि निर्णय वाचला. वाचताना डाव्या खांद्याला गारवा जाणवत होता. उघड्या दारातून येतो तसा. बर्फात भिजलेल्या लोकरीचा वासही होता... माझा कोट मी बाहेर काढून ठेवला होता.

शेवटी मी ठरावीक प्रश्न विचारला.

"हा निर्णय आपल्याला मान्य आहे का?"

काही झाले नाही.

पॅजेटने सुस्कारा टाकला. मी फाइल मिटू लागलो.

टक्...

काचेवर नख वाजावे तसा आवाज.

टक्... टक्...

आणि यंत्राच्या डोक्यावरचा दिवा लागला. मदतीला कुणाला बोलवायचे असेल, तर खेळणारा बटण दाबतो आणि तो दिवा लुकलुकू लागतो. तो तसा लुकलुकू लागला. एकसारखा. कुणी येईना म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबत राहावे, तसा.

डेल्मरने हातातल्या तारेकडे पाहिले.

"मिस्टर लिंडक्विस्ट," तो हळूच म्हणाला, "याच्यात बॅटरी नाही."

मी काय केले असेल? मी पळालो नाही. मी फाइल पुन्हा उघडली आणि त्या प्रश्नापुढे लिहिले, अमान्य. दावेदारास सुनावणी हवी.

दिवा विझला.

पॅजेट दारापर्यंत माझ्यामागे आला. "तुम्ही हे खरंच वर पाठवणार? हसतील तुम्हाला."

"हसू देत."

आता खरी गोष्ट. इथवरचे सारे, मनात आणले तर, मी मोडून काढू शकतो. कपाचे कारण देऊ शकतो, दिव्याचेही. वायरमध्ये साठलेली वीज वगैरे. पुढचे मला मोडता येत नाही.

वारस निघाला नाही. तरी माझ्या अहवालावरून सुनावणीची तारीख लागून गेली होती, आणि लागलेली तारीख रीतसर निकाली काढावी लागते. वसंत ऋतूतली सकाळ होती. राज्याच्या राजधानीतली, कार्सन सिटीतली ती सुनावणीची खोली लहान आणि उजेडाची. खिडकीतून ऊन टेबलावर येत होते. एका बाजूला पॅजेट आणि कॅसिनोचा वकील. दुसऱ्या बाजूला मी. माझ्या शेजारी दावेदाराची रिकामी खुर्ची.

सुनावणी अधिकारी होते मिस्टर एचेव्हेरी. वयस्कर, मेंढपाळांच्या घराण्यातले, शांत. त्यांची एक रीत सर्वांना माहीत होती. ते आधी कागद वाचत नसत. माणसाचे ऐकायचे आणि मग कागद, असा त्यांचा क्रम. बाईंच्या मृत्यूची नोंद माझ्या अहवालाच्या पहिल्याच पानावर होती, आणि ते पान मिटलेले होते.

मी ती सांगायला उठलो.

"बसा, मिस्टर लिंडक्विस्ट," ते म्हणाले. "आधी दावेदार."

"साहेब, दावेदाराच्या संदर्भात..."

"आधी दावेदार," ते पुन्हा म्हणाले. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. "बोला, मिसेस बोलिंजर. सावकाश होऊ द्या. तुम्हाला कुणी मध्ये तोडणार नाही."



वकील अर्धवट उठला. एचेव्हेरींनी तळहात वर केला. "तुमचीही पाळी येईल."

आणि ते ऐकू लागले.

मी आयुष्यभर माणसांना ऐकताना पाहिले आहे. ऐकण्याचे सोंग मला कळते. ते सोंग नव्हते. त्यांच्या भुवया हलत होत्या. मध्येच ते मान डोलावत. एकदा हसले, कुणी मार्मिक काही बोलल्यावर हसतात तसे. एकदा त्यांनी टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा त्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला.

मी कान दिले. अगदी श्वास रोखून दिले.

छतातल्या झरोक्यातून हवा येत होती. बाहेर गाडी गेली. पॅजेटची खुर्ची करकरली.

दुसरे काही नाही... काहीही नाही.

"हे काय चाललंय?" पॅजेट ओठांतल्या ओठांत म्हणाला. पण त्या खुर्चीकडे पाहायला तो तयार नव्हता.

टेबलावरचे ऊन त्या डब्यावरून पुढे सरकले, तरी ते ऐकतच होते. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि सरळ बसले.

"निर्णय मला कायम ठेवावा लागेल, बाई. तुम्हाला ते ठाऊकच आहे, आत्ता तुम्हीच म्हणालात. पैसे तुमचे नव्हते. पण सांगितलंत, हे बरं केलंत."

मग ते पुन्हा थांबले. आणखी काही ऐकले. आणि माझ्याकडे वळले.

"मिस्टर लिंडक्विस्ट, त्या तुम्हाला काहीतरी विचारतायत."

मी शेजारी पाहिले. खुर्चीची पाठ. तिच्यावर पडलेले ऊन.

मला ऐकू आले नाही, एवढेच म्हणायचे होते. परत विचारा, असेही म्हणता आले असते. पण समोर वकील होता, पॅजेट होता, आणि मी राज्याचा माणूस होतो. वाक्य शोधायला मला कधी वेळ लागत नसे. मला जे वाक्य सापडले, ते असे:

"क्षमस्व. मला ते शक्य नाही."

एचेव्हेरी माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

"ऐकलंत ना, बाई," ते फार हळू म्हणाले.

आणि ते उठून उभे राहिले. पाहुणा दाराबाहेर जाईपर्यंत यजमान उभा राहतो, तसे. त्यांची नजर सावकाश माझ्या मागून दाराकडे गेली. दार उघडलेले मी पाहिले नाही.

त्यांनी नंतर कागद वाचले असणारच. पण ते त्याविषयी माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि विचारायला जाण्याचे धैर्य मला झाले नाही. आता तेही नाहीत.

मी निवृत्त होऊन बराच काळ लोटला. एकटा राहतो. दुपारी घर फार शांत असते. अशा वेळी मी तो प्रश्न कोणता असेल, याची जुळवाजुळव करतो. घरी सोडाल का? एक कप कॉफी घ्याल का माझ्याबरोबर? अजून थोडा वेळ बसाल का?

यातला एकही प्रश्न 'नाही' म्हणण्याजोगा नाही.

मी मात्र नाही म्हणालो. कोणत्या प्रश्नाला, ते मला माहीत नाही...