दोर मेव्हण्याच्या हाती

चोरीला गेलेले दोन डबे मध शोधायला सातपुड्यात शिरायचं, आणि तेही माश्यांच्या मागोमाग, हे ऐकून पायथ्याचं ते अख्खं गाव पोट धरून हसलं. जीवराम हसला नाही. त्या संध्याकाळपर्यंत डबे सापडले नाहीत तर झिपरूच्या हातात बेड्या पडणार होत्या, आणि झिपरू चोर नाही हे जीवरामला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं.

साल होतं एकोणीसशे छत्तीस, महिना डिसेंबर. फैजपूरला अधिवेशन भरायचं होतं आणि त्याला जोडून खेड्यातल्या उद्योगांचं प्रदर्शन. तिथे जीवरामच्या मधाला जागा मिळाली होती. यावलच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीत त्याची केळीची बाग होती आणि बागेच्या कडेला माश्यांच्या आठ पेट्या. तीन वर्षांपूर्वी त्यानं पहिली पेटी ठेवली तेव्हा लोक म्हणाले होते, "माशी काय गाय हाये, दावणीला बांधायले?" पण माश्या राहिल्या. त्या राहिल्या झिपरूमुळे.

झिपरू डोंगरातला भिल्ल. झाडाच्या ढोलीत हात घालून सातेरी माश्यांचं मोहोळ राणीसकट अलगद काढावं ते त्यानंच. जीवरामला त्यानं पहिला धडा दिला होता तो असा : "माशीना वाटा ठेव भाऊ. बठ्ठा मध लिधा ते पुढला साल ती येणार नही." जीवरामनं सावद्याच्या लोहाराकडून मध काढायचं फिरतं यंत्र करून घेतलं. पोळं पिळायचं नाही, माशी मारायची नाही. आणि मध असा की बाटलीपलीकडे बोट धरलं तर नखावरची रेघ दिसावी! जीवरामला याचा गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत कधी पडला नाही.

तो मध घरची सगळी बाजाराला गेली असताना भरदिवसा गेला. बागेतल्या खोपटात मध भरून ठेवलेले तुपाचे दोन जुने डबे नाहीसे झाले होते. पळताना चोराचा धक्का लागून एक पेटी उलथी पडली होती.

पोलीसपाटील रुपचंदनं मिशीला पीळ देत हिशेब मांडला. "पेटी उलथली म्हणजे माश्या खवळल्या. दुसरा कोणी असता तर त्याचं तोंड भोपळ्यावानी सुजलं असतं. माशी चावत नही असा माणूस पंचक्रोशीत एकच. झिपरू."

गावाला हे पटलं. झिपरू नुसता जीवरामकडे बघत राहिला. ते बघणं जीवरामला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्यांपाशी उभं राहून तो चमकला. माश्या तुरीच्या फुलांवर जातच नव्हत्या! घाईघाईनं उडत होत्या, परत येत होत्या, पायांना पराग नाही आणि पोटं टम्म. फुलावरची माशी अशी येत नाही. ही लुटीची चाल. कुठेतरी उघडा मध होता आणि माश्यांना तो सापडला होता. जीवरामच्या बायकोनं, धुरपदाबाईनं, पेटीच्या तोंडाशी कुंकवाची चिमूट भुरभुरली. बाहेर पडणारी माशी लाल पाठ घेऊन निघाली ती सरळ उत्तरेला, डोंगराच्या धारेवरच्या एकट्या सालईच्या झाडाच्या रोखानं.

"सातेरी पाऊण कोसापलीकडे जात नही," जीवराम चावडीवर जाऊन म्हणाला. "डबे सालईच्या मागे हायेत. पाटील, तुम्हीच या संगती. तुमच्या डोयानं बघा."

असे झिपरूसकट चौघे निघाले. जीवरामनं विहिरीवरच्या मोटेचा नाडा खांद्यावर घेतला, धुरपदाबाईनं भाकरी आणि पाण्याचा भोपळा. तू कशाला येते, असं पाटलानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माश्या माझ्या कुंकवाच्या हायेत." चावडीच्या ओट्यावर लाकूड ठेकेदाराचा मुकादम तोताराम दाढदुखीनं गालाला फडकं बांधून बसला होता. त्यालाही हसू आवरलं नाही, पण हसता हसता तो कळवळला.

माशीचा पाऊण कोस म्हणजे माणसाचे तीन कोस, हे त्यांना पहिल्याच नाल्यात कळलं. माशी वरून जाते, माणसाला दगडाखालून, काट्यातून आणि स्वतःच्या श्वासावरून जावं लागतं. करवंदीच्या जाळ्यांनी पाटलाचा फेटा दोनदा ओढून घेतला. नाला संपला तशी मुरमाची घसरण लागली, उभी आणि भुसभुशीत. वर अंजनाची काळपट झाडं, त्यावर निळं स्वच्छ आभाळ, आणि मागे वळून पाहिलं तर खाली केळीच्या बागांचा हिरवा पट्टा सावद्याच्या दिशेनं लांबच लांब गेलेला. धुरपदाबाई क्षणभर थांबून बघत राहिली. आपलं शेत एवढंसं दिसतं याचं तिला नवल वाटलं.

तेवढ्यात पाटलाचा पाय सुटला!

मुरूम सरसरला. पाटील पाठीवर पडला, घसरला, खालच्या घळीच्या तोंडाशी गेला. कोणी ओरडायच्या आत झिपरू आडवा झाला होता. एका हातानं त्यानं अंजनाचं मूळ धरलं, दुसऱ्यानं पाटलाच्या कोटाची कॉलर. कॉलर टिकली. मूळही टिकलं. वर आल्यावर पाटील बराच वेळ नुसता धापा टाकत बसला. झिपरूचं बोट दगडाच्या धारेनं चांगलंच कापलं होतं. त्यानं ते चोखलं आणि चालू लागला.

सालईखाली पोचले तेव्हा ऊन डोक्यावर यायला आलं होतं. सगळे गप्प उभे राहिले. डोक्यावरून बारीक गुंजन जात होतं, समोरच्या दरीकडे. झिपरूनं डोळे बारीक केले आणि पलीकडच्या कड्याकडे हनुवटी उडवली. दरीला वळसा घालून ते कड्याच्या माथ्यावर गेले. जीवरामनं पालथं पडून खाली डोकावलं.

कड्याच्या कपाळाखाली आग्या मोहोळाची चार पोळी लोंबत होती, एकेक सुपाएवढं. त्याखाली पंधरा-वीस हातांवर एक कपार. कपारीत गोणपाटाखाली पत्रा चमकत होता, आणि गोणपाटावर माश्यांचा थर.

"पहाटे ठेवले," झिपरू म्हणाला. "थंडीमा आग्या हालत नही. ऊन पडनं का मंग राखनदार जागा."

चोराची अक्कल मोठी होती. आग्याच्या दारात मध ठेवला तर दिवसाउजेडी कोण हात घालणार? आज पहाट सरून गेली होती, आणि उद्याच्या पहाटेची वाट बघावी तर एक डबा आधीच गळत होता. संध्याकाळपर्यंत हाती काही उरलं नसतं, आणि झिपरूची मुदतही तेवढीच होती.

"मी उतरसू," झिपरू म्हणाला, मग थांबला. "पन मध मी वर आना, ते गाव म्हनी, यानीच लपाडेल व्हता."

ते खरं होतं. म्हणजे उतरायचं जीवरामनं. त्यानं नाडा कमरेला बांधला. दुसरं टोक धरायला पाटील पुढे झाला, पण झिपरूनं मान हलवली.

"आमनामा दोर शालकनी धरना. दुसरानी नही. बहीण रांडाव व्हावी आसं कोनता भाऊले वाटी?"

"मले भाऊ नही," धुरपदाबाई म्हणाली. "आम्ही सात बहिणीच."

दरीतून वारा आला आणि आग्याच्या पोळ्यांवरून एक लाट सळसळत गेली. धुरपदाबाईनं झिपरूचं रक्ताळलेलं बोट पाहिलं. नवं लुगडं होतं ते, मुद्दाम प्रदर्शनासाठी ठेवलेलं आणि आज घाईत नेसलेलं. तिनं पदराचा काठ दातात धरून टर्रकन फाडला, चिंधी झिपरूच्या बोटाला गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली.

"आता तू माझा भाऊ. धर दोर."

"जीवराम, तू येडा झाला का?" पाटील म्हणाला. "ज्याच्यावर चोरीचा आळ, त्याच्याच हाती जीव देतो?"

जीवरामनं झिपरूकडे पाहिलं. झिपरू त्या चिंधीकडे बघत होता. मग त्यानं नाड्याचा एक फेरा काठावरच्या झाडाला, एक आपल्या कमरेला घेतला आणि दोन्ही टाचा दगडाच्या खाचेत रोवल्या.

"जाय भाऊ. दोर मन्हा हातमा शे."

जीवराम कड्यावरून खाली गेला.

झिपरूच्या घोंगडीनं डोकं झाकलेलं, हातात त्यानंच पेटवून दिलेला ओल्या पाल्याचा धुरकट पलिता. एक हात. दोन हात. पोळ्यांच्या अंगावरून जाताना त्यानं श्वाससुद्धा घेतला नाही. धुरानं माश्या गुरगुरल्या, पण उठल्या नाहीत. पाय कपारीला लागले! गोणपाटावर आग्याच होत्या, पण त्यांच्यात बारक्या सातेरीही होत्या, आणि त्यातल्या कितींच्या तरी पाठीवर कुंकू होतं. त्या भीतीतही जीवरामचा ऊर भरून आला. घरच्या माश्या! त्यांनी चोर पकडला होता.

त्यानं गोणपाट ओढलं. त्यावर ठेकेदाराच्या वखारीचा काळा छाप होता. एक डबा शाबूत. दुसऱ्याची सांधण उसवून मध खडकावर ओघळलेला. शाबूत डबा त्यानं गोणपाटात गुंडाळून पाठीला बांधला, आणि त्याच वेळी वारा फिरला.

धूर गेला. आग्या उठल्या!

आभाळ काळं झालं. मान, हात, पोटऱ्या, जिथे कातडी उघडी तिथे आग. दुसऱ्या डब्यासाठी हात पुढे गेला होता. त्यानं तो मागे घेतला. राहू दे. माशीचा वाटा! त्यानं नाड्याला तीन हिसके दिले.

नाडा ताठ झाला. वर चढू लागला. जीवराम खडकाला पाय लावत होता, आपटत होता, डोळे मिटून मोजत होता. अर्ध्यावर त्याला कळलं की माश्या माथ्यावरही पोचल्यात. पाटलाची बोंब ऐकू आली. मग धुरपदाबाईचा आवाज, "दादा, सोडू नको!" आता नाडा सुटणार. कुठलाही माणूस सोडेल. हात तोंडाकडे जाणारच.

नाडा बोटभरही ढिला पडला नाही.

जीवरामला काठावर ओढून घेतलं तेव्हा पाटील स्वतःच्या कोटात डोकं खुपसून करवंदीत बसला होता. धुरपदाबाईनं पदर तोंडावर घेऊन नाड्याची शेपटी धरली होती. आणि झिपरू तसाच उभा होता, टाचा रोवून. चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर माश्या. त्यानं एकदाही हात उचलला नव्हता. चौघे पळत नाल्यात उतरले, डोहात गळ्यापर्यंत बसले, तेव्हा कुठे गुंजन विरलं.

पाण्यातून बाहेर आल्यावर झिपरूला ओळखणं मुश्कील होतं. एक डोळा मिटलेला, तोंड भोपळ्याएवढं. पाटील त्याच्याकडे बघत राहिला.

"याले माशी चावत नही, असं मी म्हणलो होतो," तो शेवटी म्हणाला. मग गोणपाटावरचा छाप त्यानं बोटानं चाचपला आणि त्याच्या डोक्यात काहीतरी लखकन पेटलं. "जीवराम, तोतारामची दाढ कधीपासून दुखते रे?"

"बाजाराच्या दिवसापासून."

गावात शिरताच पाटील सरळ चावडीच्या ओट्यावर गेला आणि त्यानं तोतारामच्या गालावरचं फडकं सोडलं. गाल बाहेरून सुजला होता, आणि कानाशी काळ्या ठिपक्यासारखी एक नांगी अजून रुतलेली होती. दाढ धडधाकट होती. जीवरामचा स्वच्छ मध जंगलचा म्हणून आपल्या नावानं प्रदर्शनात मांडायचा त्याचा बेत होता. पाटलानं झिपरूसाठी मागवलेल्या बेड्या वाया गेल्या नाहीत. मग त्यानं अख्ख्या गावादेखत फेटा काढला आणि झिपरूला हात जोडले. फेटा फाटका होता, पण गावानं तो मान पाहिला.

फैजपूरला एकच डबा पोचला. बाटल्या मांडून झाल्या तेव्हा एक शहरी स्वयंसेवक चिठ्ठी वाचून अडला. चिठ्ठीवर दोन नावं होती, जीवराम आणि झिपरू.

"एका जागेवर एकाच घरची नावं चालतात," तो म्हणाला. "हे झिपरू कोण तुमचे? कामाला आहेत का?"

झिपरू लगेच मागे सरकला. त्याच्या बोटावर ती चिंधी अजून होती, मळलेली, पण गाठ तीच. जीवरामनं तोंड उघडलं, पण धुरपदाबाई त्याच्या आधी बोलली. पदराचा फाटका काठ तिनं मुद्दाम पुढे घेतला होता.

"एकाच घरचे हायेत ते," ती म्हणाली. "हा माझा भाऊ."