हात करेपर्यंत

पेट्या भरून झाल्या असतील तर बसा जरा. पहाटे साडेचारला गाडी येणार, म्हणजे आज झोप कोणालाच नाही. तुम्ही काय, विमानात झोपाल आणि उतरल्यावर फोटो काढाल. सतरा वर्षं या उपकरणांच्या खोलीत बसून मी परदेशी अभ्यासदौरे रवाना केलेत. जाताना पेट्या चकचकीत, येताना त्याहून चकचकीत. चिखल लागलेली पेटी मी एकदाच परत आलेली पाहिली. ती गोष्ट सांगतो.

भुताची आहे का? ते तुम्ही ठरवा. तुम्ही एम.ए.वाले, मी दहावी.

ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा भाचा. याच विभागात, याच कोर्सला होता. तो जाऊन आता तीन वर्षं होतील. तापानं गेला. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही, कोणी विचारायच्या आधीच सांगतो. पण दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यानं मला हे दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

त्याच्या दौऱ्याबरोबर जे सर गेले होते त्यांना मुलं होकायंत्र म्हणायची. कुठेही उभं करा, तोंड आपोआप जेवणाच्या दिशेला वळायचं. मोठ्यानं हसू नका. ते आता कोणत्या केबिनमध्ये बसतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

काम साधं होतं. नदी समुद्राला मिळते तिथल्या चिखलाच्या मैदानाचे चढउतार मोजायचे. ओहोटीला ते उघडं पडतं, भरतीला त्यावर दीड-दोन पुरुष पाणी चढतं. काठावर तिपाई, तिच्यावर दुर्बीण, दुर्बिणीमागे माझा भाचा. समोर शंभर पावलांवर आकडे रंगवलेली काठी धरून एक माणूस. काठी चार मीटरची, एकात एक सरकणाऱ्या चार तुकड्यांची. ती धरणाऱ्याला नियम एकच. काठी सरळ धरायची, आणि दुर्बीणवाला दोन्ही हात वर नेऊन खाली आणेपर्यंत जागचं हलायचं नाही. तो हलला की सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

काठी धरायला कोण? तुमच्यासारखी मुलं थोडीच चिखलात उतरणार. बूट नवे असतात. तिथलाच एक माणूस घेतला होता, पन्नाशीचा, शिंपले वेचणारा. त्याला यांची भाषा येईना, यांना त्याची. मुलं त्याला खांब म्हणायची. तोंडावर, हसत. तोही हसायचा. त्याला वाटे, कौतुक चाललंय.

गाडी भाच्याकडे होती. शेजारी पुढच्या सीटवर सर, मधे मुलं, आणि खांब सगळ्यात मागे, पेट्यांच्या बेचक्यात, गुडघे पोटाशी घेऊन. पहिल्या दिवशी बिचारा पुढचं दार उघडायला गेला होता. सरांनी त्याच्या पायांकडे बोट दाखवलं, मग मागच्या दाराकडे. सीट खराब होईल ना. भाड्याची गाडी.

तिसऱ्या दिवशी पायाखालचा चिखल खचला म्हणून तो हात होण्याआधीच दोन पावलं सरकला. सर काठावरून ओरडले. चक्क मराठीत ओरडले. एरवी घरच्या कुत्र्याशी इंग्रजी बोलणारा माणूस. "हात करेपर्यंत हलायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही." आणि जमिनीकडे बोट. तिथेच. त्याला शब्द कळले नाहीत, बोट कळलं.

आता तारीख सांगतो. अकरा मार्च, मंगळवार, शेवटचा दिवस. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, तीन आकडे घ्यायचे बाकी, आणि समुद्रावरून धुकं आलं. भाच्यानं दुर्बिणीला डोळा लावला तर सगळं पांढरं. काठी दिसेना, माणूस दिसेना.

सर म्हणाले, "गुंडाळा. उरलेले आकडे रात्री बघू."

रात्री बघू म्हणजे काय, ते तुम्हाला मी शिकवायला नको. दुर्बीण पेटीत, तिपाई पेटीत, मंडळी गाडीत. हॉटेलवर सातला गरम जेवण होतं.

हात कोणी केला नाही.

"मामा, धुक्यात कोणाला हात करणार?" भाचा मला म्हणाला. मग छताकडे बघत म्हणाला, "हाक तर मारता आली असती."

जेवून त्यांनी तीन आकडे बसवले. छान बसले. खोटे आकडे छानच बसतात. नऊ वाजता सरांनी सामान मोजलं, तर काठी नाही.

"सर, तो माणूस…" भाच्यानं तोंड उघडलं.

"तो इथलाच आहे. त्याला त्याचं घर माहीत आहे. काठीला माहीत नाही."

"पण आपण त्याला सांगितलंच नव्हतं, सर, की…"

"विभागाची वस्तू आहे. माझ्या सहीनं बाहेर आलीय. जा, घेऊन ये."

बाकीची मुलं पत्ते खेळत होती. कोणी उठलं नाही. भाचा एकटा निघाला. काठीसाठी नाही, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगतो.

सव्वादहाला तो काठावर पोचला. धुकं विरलं होतं. भरती पूर्ण चढली होती. वारा नाही. त्यानं गाडीचे दिवे पाण्यावर सोडले आणि उतरला.

काठी दिसली.

शंभर पावलांवर… पाण्यात. वरचा मीटरभर भाग तेवढा बाहेर. लाल-काळे आकडे दिव्यांत चमकत होते.

कळतंय का मी काय म्हणतोय? काठी चार मीटरची. तीन मीटर पाण्याखाली. चिखलात रोवलेली काठी भरतीच्या ओढीनं कलते, आडवी होते. ही केसभरही कललेली नव्हती. ओळंबा लावल्यासारखी उभी. कोणी धरल्यावर उभी राहते, तशी.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. तेव्हा ध्यानात आलं, नाव माहीत नाही. आठ दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. "खांब" अशी हाक ओठापर्यंत आली… आणि त्यानं ती गिळली.

मग तो दिव्यांसमोर जाऊन उभा राहिला.

दोन्ही हात वर केले.

खाली आणले.

काहीच नाही.

मग… टक. काठीचा वरचा तुकडा आत सरकला. आता पाण्यावर काही नव्हतं.

टक. हा आवाज पाण्याखालून.

टक. हा… जवळून.

तो गाडीत कसा बसला ते त्याला आठवत नाही. पट्टा लावला, गाडी वळवली, रस्त्याला लागला. नजर समोर. आरशात नाही, बाजूला नाही. फक्त समोर.

एक किलोमीटर गेला असेल.

टिंग.

टिंग.

टिंग.

तुम्हाला हा आवाज माहीत आहे. सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की गाडी वाजते. त्याचा पट्टा लावलेला होता. समोर लाल दिवा लागला होता… शेजारच्या सीटचा.

त्यानं मान वळवली नाही.

टिंग… टिंग…

खट्.

आवाज थांबला.

पुढे बावीस किलोमीटर. कोणी काही बोललं नाही.

हॉटेलपाशी गाडी लावून तो सरळ खोलीत गेला आणि भिंतीला पाठ लावून सकाळपर्यंत बसला. सहाला पोलिस आले. माणूस पहाटे पलीकडच्या काठाला सापडला होता. पाण्यात जाऊन दहा तास तरी झाले असावेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे रात्रीचे आठ, जास्तीत जास्त. तेव्हा यांचं गोड खाणं चाललं होतं. चौकीवर येऊन जबाब द्या, म्हणाले.

सरांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग भाच्याकडे वळून हळूच विचारलं, "काठी मिळाली का?"

तो अहवाल तिकडे कपाटात आहे, वाचा कधीतरी. आभाराच्या पानावर हॉटेलचं नाव आहे. "स्थानिक सहकार्य" असेही दोन शब्द आहेत.

दोघं खाली गाडीपाशी आले. सरांनी सवयीनं आपल्या बाजूचं पुढचं दार उघडलं.

सीट चिंब होती. पाठ टेकते तिथपर्यंत चिखल. काठी मिटून खाली, पायांच्या जागेत नीट ठेवलेली.

आणि पट्टा लावलेला होता.

तो सीटला टेकलेला नव्हता… मधे एका माणसाची जागा सोडून ताणून राहिला होता.